सतरा नंबरची बाई

नरसिंहराव अण्णा मला फार आवडायचे, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला जीभ रेटणार नाही. आपल्याकडे तापट म्हाताऱ्यांचं भारी कौतुक. त्यांनी हात उचलला तरी ‘रागीट आहेत, पण मनात काही नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मीही तेच म्हणत होते, आणि नुसती म्हणत नव्हते, तर चाळीस देशांतल्या तीन हजार शंभर माणसांना दर पंधरवड्याला लिहून कळवत होते.

मी मुग्धा. मूळची पुण्याची, सात वर्षं बंगळुरात, कोरमंगलात राहते. नोकरी सोडून मी ‘वेढा’ नावाचा खेळ काढला. टेबलावर किल्ला मांडायचा, आत गावकरी, बाहेर फौज, आणि फासे टाकून लढायचं. त्यात अंगठ्याच्या पेराएवढे बेचाळीस पुतळे, आणि प्रत्येकाबरोबर त्याची माहिती छापलेला एक पत्ता, पत्त्यांच्या कॅटमधल्या पानासारखा. असा खेळ तयार होण्याआधीच त्याची चित्रं इंटरनेटवर टाकतात आणि लोकांना सांगतात, की आज पाठीशी उभे राहा, झाला की पहिली पेटी तुमच्या घरी. असे पाठीशी उभे राहणारे ते बॅकर. उभे राहतात प्रेमानं, पण उशीर झाला की तेच जिवावर उठतात.

पुतळे घडवले हर्षितानं. ती बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातली, शहाजीराजांच्या वेळी इकडे आलेल्यांच्या वंशातली. कॉम्प्युटरवर ती एकेक पुतळा कोरायची, मग त्याचा नमुना छापून घ्यायचा, नमुन्यावरून रबराचा साचा करायचा आणि साच्यातून एकासारखे एक हजारो ओतायचे. मुलगी कामाला वाघ, बोलायला मुकी. आईवडिलांचं घर अर्ध्या तासावर असताना ती पीजीत तिघींबरोबर एका खोलीत राहायची, याचं मला कधी नवल वाटलं नाही.

ओतकामासाठी आम्ही विमानतळाच्या बाजूला, देवनहळ्ळीजवळ चकोत्र्याच्या, म्हणजे पपनसाच्या बागेतली एक शेड घेतली होती. पहिल्या महिन्यात तिथे सगळा सत्यानाश चालला होता. तलवारींची टोकं अर्धवट यायची, घोड्यांच्या पोटात बुडबुडे राहायचे. एकदा बोलता बोलता हर्षिता म्हणाली, की तिच्या वडिलांची सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली, साचे करण्यात. मी उडालेच. म्हटलं, बोलाव की मग त्यांना!

‘‘नको,’’ ती म्हणाली.

‘‘अगं, पण का?’’

‘‘नको, मुग्धा. प्लीज.’’

तिच्या कामावरच्या कागदांत घरचा नंबर होता. मी तो काढला आणि फोन केला. तिचा नकार मला ऐकू आला होता, पण सोयीचा नव्हता.

अण्णा आले ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, डोळ्यांवर चष्मा, वय सहासष्ट, मान बैलासारखी. तरुणपणी जुन्या शहरातल्या, म्हणजे पेटेतल्या तालमीत कुस्ती केलेली. त्यांनी आमचे साचे हातात घेऊन उजेडात फिरवले, चाकूनं हवा निघायच्या वाटा नव्यानं कापल्या, आणि त्याच दिवशी दुपारी तलवारी टोकापर्यंत यायला लागल्या. शेडमधले सगळे त्यांना अण्णा म्हणायला लागले. हर्षिताही अण्णाच म्हणायची, त्यांच्याकडे वडिलांना तेच म्हणतात. ते आत आले की ती उठून शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. मला वाटायचं, बाप-लेकीचा काहीतरी रुसवा असेल.

त्यांचा हात मी पहिल्यांदा पाहिला तो गुरुप्रसादवर. गुरुप्रसाद आमचा ओतकाम करणारा, दोन मुलांचा बाप. ओतलेला साचा दाबाच्या भांड्यात ठेवतात, आत हवा कोंबतात, आणि ती सोडल्याशिवाय झाकण उघडायचं नसतं. गुरुप्रसादनं हवा पूर्ण न सोडता पहिला बोल्ट सैल केला. अण्णांनी मागून येऊन त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो मांडणीवर आदळला आणि वरचे दोन डबे त्याच्या खांद्यावर पडले. तो उठायच्या आत दुसरी बसली.

‘‘झाकण उडालं असतं म्हणजे मुंडकं राहिलं असतं काय रे तुझं?’’ अण्णा ओरडले. ‘‘सरी, ठीक आहे, ऊठ आता.’’

बोलले ते खरं होतं. झाकण उडून माणसं मेलेली आहेत. मी गुरुप्रसादला बर्फ दिला आणि मनातून खूश झाले, की चला, कुणीतरी शिस्त लावणारं मिळालं. दुसरी कशासाठी होती, हे मी स्वतःला विचारलं नाही. आठवड्यानं त्यानं काम सोडलं, तेव्हा मी म्हटलं, नाजूकच होता.

मग टेम्पोवाल्याचा प्रकार. तो रिकाम्या पेट्यांचे गठ्ठे उतरवताना फेकत होता. अण्णांनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांनी त्याचा गळपट्टा पकडला आणि त्याचं तोंड टेम्पोच्या फळीवर हाणलं. नाकातून रक्ताची धार लागली, पुढचा एक दात तिथेच मातीत पडला. तो माणूस गुडघ्यांवर बसून दात शोधत होता, आणि अण्णा शर्टाच्या बाह्या खाली करून परत साच्याकडे गेले. मी त्या माणसाला दवाखान्यात नेलं, हातापाया पडून मिटवलं. आणि त्याच संध्याकाळी बॅकरांना गंमत म्हणून लिहिलं, की आमच्या पेट्या शाबूत येतील, कारण आमच्याकडे अण्णा आहेत. दात गाळला. म्हणजे लिहिण्यातून गाळला.

लोकांना अण्णा भयंकर आवडले. त्यांचा खरा बोलबाला झाला तो मात्र पुतळ्यांच्या पवित्र्यांमुळे. एकदा त्यांनी हर्षिताचा भालाईत हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, ‘‘तप्पु.’’ कानडीत चूक. ‘‘असा भाला मारला तर मारणाराच पडेल. वजन मागच्या पायावर हवं.’’ आणि त्यांनी झाडूचा दांडा घेऊन तो वार करून दाखवला. पूर्ण ताकदीनं, आणि दांड्याचं टोक माझ्या गळ्यापासून बोटभर अंतरावर थांबवलं. मग मी हसले, टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, अण्णा, परत करा, व्हिडिओ काढते.

त्या दिवसापासून आमची पद्धतच पडली. प्रत्येक नमुना साच्यात जाण्याआधी अण्णांच्या हातात जायचा. माणूस वार कसा करतो, मार कसा खातो, डोक्यात बसली तर गुडघे आधी जातात की कंबर, पोटात भोसकलेला माणूस कुठल्या बाजूला वळतो, हे ते बघायचे आणि चुकलं असेल तर करून दाखवायचे. कुणीतरी खाली पडायचं, अण्णा वरून वार करायचे आणि बोटभर आधी थांबवायचे. कॅमेरा चालू. चुकीचा पवित्रा त्यांना सहनच व्हायचा नाही. कपाळाची शीर उडायला लागायची. हर्षिता मुकाट्यानं पुतळा दुरुस्त करायची. आणि प्रत्येक वेळी अण्णांचंच बरोबर निघायचं.

आता मला नंतर कळलेली गोष्ट तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे तुम्ही माझ्यासारखे हसत बसणार नाही.

हर्षिता सोळा वर्षांची असताना तिच्या आईचा, कमलाक्कांचा, डावा हात मोडला होता. कोपर आणि मनगट यांच्या मधोमध. तो वाकडाच जुळला. घरात, गल्लीत, देवळात, दवाखान्यात सगळीकडे सांगितलं गेलं, की न्हाणीघरात पाय घसरला. हर्षिता त्या दिवशी घरात होती, पण दाराच्या पलीकडे. तिनं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. नंतरच्या अकरा वर्षांत ती आईला शंभरदा म्हणाली, की माझ्याबरोबर चल. आणि कमलाक्कांचं एकच उत्तर असायचं. ‘‘मी पडले असंच सगळ्यांना माहीत आहे. पडलेली बाई घर सोडून जाते, तर लोक काय म्हणतील? त्यांच्या तोंडून एकदा निघू दे, की मारलं. मग येते.’’ अण्णा काही ते बोलणार नव्हते. आई येणार नव्हती. हर्षिताला आईला त्या घरातून काढायचं होतं, आणि मधे एवढं एक वाक्य अडकलं होतं.

फेब्रुवारीत सतरा नंबरचा नमुना आला. किल्ल्यात फौज घुसते तेव्हा रस्त्यात पडलेली एक बाई. जमिनीवर एका कुशीला, पाय पोटाशी घेतलेले, डावा हात तोंडासमोर उचललेला. तिच्या पत्त्यावर लिहिलं होतं, ‘घसरून पडलेली. एक डाव उठू शकत नाही.’ ते हर्षितानंच लिहिलं होतं. सकाळचे साडेदहा वाजले असतील. विमानं डोक्यावरून जात होती. नेहमी दूर बसणारी हर्षिता त्या दिवशी स्वतः नमुना घेऊन अण्णांपाशी आली आणि मला म्हणाली, ‘‘कॅमेरा लाव.’’

अण्णांनी बाईला चिमटीत धरलं, फिरवलं, पत्ता वाचला. ‘‘तप्पु.’’

‘‘काय चुकलं, अण्णा?’’

‘‘घसरलेली नाही ही. घसरलेला माणूस हात टेकवतो.’’ त्यांनी तळवा पुढे करून दाखवला. ‘‘असा. मग मनगट जातं. ही तर तोंड वाचवतेय. मार अडवतेय. असा हात असेल तर मनगट नाही मोडत, इथं मधे मोडतो.’’ त्यांनी स्वतःच्या कोपराच्या खाली चार बोटं मोजून दाखवली.

‘‘मारणारा कुठे असेल?’’

‘‘डोक्यापाशी.’’

‘‘दाखवा,’’ म्हणत हर्षिता सिमेंटच्या फरशीवर आडवी झाली. कुशीला वळली, पाय पोटाशी घेतले, डावा हात तोंडासमोर धरला. मी कॅमेरा खाली वळवला. अण्णांनी साचे ठोकायची लाकडी मोगरी उचलली आणि तिच्या डोक्यापाशी उभे राहिले. त्यांनी हात वर नेला आणि खाली आणला, बोटभर आधी थांबवला. ‘‘हे बघ. इथं बसतो.’’

हर्षिता जागची हलली नाही. खालूनच तिनं विचारलं, ‘‘मग आईचं मनगट शाबूत कसं राहिलं, अण्णा? ती तर पडली होती ना?’’

शेडमध्ये आम्ही पाच जण होतो. मला अजून काही कळलं नव्हतं. मला वाटलं, आता अण्णा समजावून सांगतील. आणि त्यांनी खरंच समजावून सांगितलं. चुकीचं विधान त्यांच्यानं तसं सोडून देववेना.

‘‘मी खांद्यावर मारत होतो,’’ ते म्हणाले. ‘‘तिनं हात मधे घातला.’’

बोलून झाल्यावर त्यांना कळलं, की आपण काय बोललो. मी त्यांचा चेहरा बघत होते. आधी तो रिकामा झाला, मग लाल झाला. हर्षिता खालून त्यांच्याकडे एकटक बघत होती आणि हात तसाच धरून होती. अण्णांनी मोगरी पुन्हा वर नेली. या वेळी थांबवली नाही.

तो आवाज मी सांगणार नाही. हर्षिताचा हात मधोमध वाकला, जिथे सांधा नसतो तिथे. ती ओरडली नाही, नुसती घशातून हवा बाहेर आल्यासारखी झाली. त्यांनी परत मोगरी उचलली आणि ती तिच्या बरगडीत बसली. तिसरीसाठी हात वर गेला तेव्हा माझ्या अंगात काहीतरी शिरलं. समोर साच्याची ॲल्युमिनियमची चौकट होती, चार किलोची. ती मी दोन्ही हातांनी उचलून अण्णांच्या कानावर घातली. ते गुडघ्यावर आले. मी परत घातली. कानाची पाळी फाटली, पांढरा शर्ट खांद्यापर्यंत लाल झाला. बाकीच्यांनी मला मागे ओढलं नसतं तर मी थांबले नसते. गुरुप्रसादची दुसरी थप्पड कशासाठी होती, हे मला त्या वेळी कळलं. ती कशासाठीच नसते. हात सुरू झालेला असतो.

अण्णा फरशीवर बसले होते, एका हातानं कान दाबून. त्यांनी मुलीच्या हाताकडे नीट पाहिलं आणि मला म्हणाले, ‘‘बघितलंस? मधेच मोडतो.’’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. बरोबर ठरल्याचं समाधान होतं. त्या माणसाची मला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.

हर्षिताला गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. हातात स्टीलची पट्टी आणि स्क्रू घालावे लागणार होते, दोन बरगड्यांना तडे गेले होते. कमलाक्कांना मी फोन केला. त्या ऑटोनं आल्या, हातात फक्त पर्स. मी त्यांना प्रथमच बघत होते. बारीक, नीटनेटक्या, डावा हात पदराखाली. मुलीच्या उशाशी बसून त्यांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’

हर्षिता म्हणाली, ‘‘मुग्धा, दाखव.’’

मी मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं. मुलीला मार बसतानाचं आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, आणि मग त्या मला म्हणाल्या, ‘‘ते मघाचं बोलणं आहे ना, तेवढंच स्वल्प परत लाव.’’ मी लावलं. ‘मी खांद्यावर मारत होतो. तिनं हात मधे घातला.’ त्यांनी तीन वेळा ऐकलं.

‘‘मी हात मधे घातला म्हणे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणजे चूक परत माझीच.’’ आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांना रडू फुटलं, ते पोटातून, थांबेना. हर्षितानं चांगला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. संध्याकाळी पोलीस आले तेव्हा कमलाक्कांनी कुणाला मधे बोलू दिलं नाही. मुलीचं सांगितलं, मग स्वतःचं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीचं, त्याच्या आधीचं, त्याच्या नंतरचं. आणि त्या बसवनगुडीला परत गेल्या नाहीत. माझ्या घरी आल्या.

चार दिवसांनी अण्णांचे धाकटे भाऊ त्रिविक्रमराव माझ्या दारात उभे. सभ्य माणूस, बँकेतून निवृत्त झालेला. म्हणाले, ‘‘घरातली गोष्ट आहे, अम्मा. तो व्हिडिओ काढून टाका. अण्णा रागीट आहे, पण मनात काही नाही त्याच्या.’’ माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं. मी काही बोलायच्या आत कमलाक्का बाहेर आल्या. त्यांनी पदर बाजूला केला, वाकडा हात त्यांच्या पुढे धरला आणि म्हणाल्या, ‘‘भावजी, मी पडले तेव्हा दवाखान्यात तुम्ही होता बरोबर. तुम्हीच सांगितलंत डॉक्टरांना. आता जा.’’ ते गेले.

अण्णांवर खटला चालू आहे. माझ्यावरही एक तक्रार आहे, त्यांच्या कानाची, आणि ती खरी आहे. बॅकरांना मी सगळं लिहिलं. टेम्पोवाल्याचा दातही लिहिला. काहींनी नाव काढून घेतलं, काहींनी विचारलं, की अण्णांचे जुने व्हिडिओ कुठे गेले, ते फार मजेशीर होते. गुरुप्रसादकडे मी जाऊन आले. त्यानं दार उघडलं, ऐकून घेतलं, आणि कामावर यायचा विचार करून सांगतो म्हणाला. अजून सांगितलेलं नाही.

हर्षिता महिन्याभरात शेडमध्ये परतली, हात गळ्यात. कमलाक्काही यायला लागल्या. साच्यातून निघालेल्या पुतळ्यांच्या कडा कातरायचं काम त्यांनी हौसेनं घेतलं. उजवा हात चांगला चालतो. सतरा नंबरची बाई आता साच्यात जायची होती. मी म्हटलं, वगळू या हिला, एकेचाळीसच देऊ. हर्षिता म्हणाली, ‘‘नाही. अण्णांनी पवित्रा पास केलाय. फक्त पत्त्यावरचं चुकीचं होतं.’’

कमलाक्कांनी तो नमुना उचलला आणि खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला.

‘‘छान झालीय,’’ त्या म्हणाल्या. मग पेटीतले बाकीचे पुतळे त्यांनी एकेक करून उचलून पाहिले. ‘‘हर्षे, हिला मारणारा कुठाय?’’

‘‘नाहीये, आई. ही एकटीच आहे.’’

‘‘मग पत्त्यावर काहीही लिही. लोकांना पडल्यासारखीच दिसणार.’’

कमलाक्कांनी बाई खाली ठेवली, टेबलावरची मोगरी उजव्या हातात घेतली आणि शेडच्या मधोमध, उजेडात जाऊन उभ्या राहिल्या. पाय फाकवले, एक पुढे, एक मागे. हात डोक्यावर नेला. साडीतली ती एवढीशी बाई, पण मला मागे सरकावंसं वाटलं. मग त्यांनी काहीतरी आठवल्यासारखं केलं, आणि वाकडा हात होता तेवढा उचलून डाव्या डोळ्याजवळ नेला.

‘‘मारणाऱ्याचा हा हात इथं घे,’’ त्या मुलीला म्हणाल्या. ‘‘मारताना चष्मा पडू नये म्हणून ते असा धरायचे.’’